हौसाबाईच्या म्हशी आणि आमची जीप

नऊ वाजून पाच मिनिटं झाली तरी म्हशी आल्या नव्हत्या, आणि मला तर बोलायची बंदी होती.

नदीकाठच्या एका सपाट दगडावर मी इरूला मांडीवर घेऊन बसले होते. समोर वाळूत आमची जीप उभी होती. माझा नवरा धैर्यशील बोनेटमध्ये डोकं घालून शिट्टी वाजवत होता. त्याची थोरली बहीण, विमलअक्का, घडीच्या खुर्चीत बसून बघत होत्या. नदीकडे नाही आणि जीपकडेही नाही, माझ्या तोंडाकडे. त्या दिवशी त्यांचं तेच काम होतं.

"कितीदा घड्याळ बघतेस गं?" अक्का म्हणाल्या.

"इरूची दुधाची वेळ झाली का बघते."

"आत्ताच पाजलंस की."

"पुढच्या वेळेचं बघते."

अक्कांनी चष्मा नाकावर जरा खाली घेतला. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती. कोण कुणाच्या वहीत बघतंय हे त्यांना फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं, असं धैर्यशील सांगायचा. त्यांच्यासमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणायचे. कोल्हापूरच्या आमच्या दोन खोल्यांत अर्थातच 'अरे' चालायचं.

भांडण जीपवरून होतं. धैर्यशीलनं ती न विचारता आणली होती. जुनी, डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी. तिला घेऊन तो दर रविवारी संग्राम नावाच्या मित्राबरोबर डोंगरात जायचा आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतायचा. इरू तेव्हा अकरा महिन्यांची होती. ती सातव्या महिन्यात झालेली. काचेच्या पेटीत छत्तीस दिवस. घरी आणल्यावर मी एक वही केली होती, त्यात तिचे मिनिटाचे श्वास लिहायचे. ती चांगली गुटगुटीत झाली तरी वही चालूच होती. धैर्यशील मला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा. आणि तो म्हणत होता की इरूला जीपमध्ये बसवायचं, डोंगर दाखवायचे, नद्या दाखवायच्या. मी म्हणत होते की आधी जीप विकायची.

शेवटी निवाडा अक्कांकडे गेला. अक्का आजऱ्याकडच्या माळवाडीत, म्हणजे त्यांच्या सासरी, एकट्या राहायच्या. घरामागे दोन शेतं ओलांडली की नदी. दसरा झाल्यावर आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो, मागून संग्राम त्याची लाल जीप घेऊन आला, आणि अक्कांनी चौकटीच्या कागदावर कलमं लिहिली.

एक. धैर्यशीलनं रविवारी सकाळी जीप नदीपलीकडे नेऊन सुखरूप परत आणली, तर जीप राहील आणि इरू तीत बसेल.

दोन. जीप पाण्यात बंद पडली, तर विकायची.

तीन. रविवारी सकाळपासून ऋजुतानं, म्हणजे मी, जीप आणि पाणी या विषयावर काळजीचा एक जरी शब्द काढला, तर ती हरली. जीप राहील.

तिसरं कलम धैर्यशीलचं. "पाण्यात काय व्हायचं ते होऊ दे," तो म्हणाला होता, "एक सकाळ शांतता तरी मिळेल."

आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या. अक्का म्हणाल्या, "मी पंच. नदी ओलांडायचा उतार कुठं आहे, पाणी किती आहे, मला कुणी विचारायचं नाही. पंचानं उत्तर सांगायचं नसतं."

मी मनात म्हटलं, यांना काय माहीत असणार? घरात नळ आहे, या कशाला नदीवर जातात.

आता खरं काय ते सांगते. त्या सकाळी मी घाबरून गप्प बसले नव्हते. माझं काम आदल्या संध्याकाळीच झालं होतं.

नवा पूल झाल्यापासून त्या नदीतून बैलगाड्या जाणं बंद झालं होतं. जुन्या वाटेच्या खुणा पावसाळ्यात वाहून गेलेल्या. काठावरून बघितलं तर सगळं पाणी सारखंच, हिरवट आणि शहाण्यासारखं. शनिवारी संध्याकाळी धैर्यशील आणि संग्राम अक्कांच्या अंगणात टायरची हवा कमी-जास्त करत बसले होते, इरू झोपली होती, तेव्हा मी काठी घेऊन नदीवर गेले. काठीवर मी नखांच्या लाल रंगानं तीन रेघा मारल्या होत्या. पहिली जीपच्या चाकाच्या मधोमध, दुसरी बंपरला, तिसरी इंजिन हवा ओढतं तिथं. जीप मोजायला इरूची उंची मोजायची टेप वापरली होती. धैर्यशीलनं जीपबरोबर आलेलं पुस्तक उघडलंही नव्हतं. मी इरूला पाजता पाजता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. पाणी तिसऱ्या रेघेपर्यंत चढलं की इंजिन हवेऐवजी पाणी पितं, आणि मग संपलं.

तिथंच हौसाबाई भेटली. सत्तरीची, काटक, दात एकही नाही. सात म्हशींना पाण्यातून बाहेर काढत होती.

"काय मोजतीस गं पोरी?"

"पाणी मोजते. जीप कुठून जाईल बघते."

"ह्या जांभळाखालनं तिरकी जायाची गाडीवाट. ढोपराच्या वर न्हाई पाणी." तिनं हातातली फोकाटी उजवीकडे फिरवली. मग डावीकडे, जिथून म्हशी निघाल्या होत्या तिकडे. "हितनं न्हाई. बैल उतरतोय तितं उतार, म्हस उतरती तितं डोह. बैलाला पाय टेकायला लागत्यात. म्हशीला काय, नाक भाईर ऱ्हायलं की झालं."

मी डावीकडे उतरून बघितलं. पाणी माझ्या छातीला लागलं. ओढ अजिबात नव्हती, तळाला मऊ वाळू. काठी उभी केली तर तिसरी लाल रेघ वीतभर पाण्याखाली गेली. मला छातीला, म्हणजे धैर्यशीलला बरगड्यांच्या खाली. कुणी बुडणार नाही, कुणाला लागणार नाही, फक्त जीप बंद पडेल. मी तीनदा आत जाऊन तीन ठिकाणी मोजलं. काळजीवाहू सरकार काम चोख करतं.

"मावशी," मी ओल्या कपड्यांनी बाहेर येत म्हटलं, "उद्या सकाळी नऊला म्हशी इथूनच पलीकडे नेशील?"

"म्हशी काय तुज्या घड्याळावर चालत्यात व्हय?"

"लाडू देईन."

"मला दात न्हाईत. कुनाचं काय बुडवायचं हाय ते सांग आदी."

"नवऱ्याची जीप."

हौसाबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आगं, मग इकून टाक म्हनावं."

"म्हणून बघितलं."

"माजा बी तसलाच व्हता. कोंबडे झुंजवायचा." तिनं एका म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "आनते. नवाला न्हाई जमलं तर सव्वानवाला."

मी घरी आले, कपडे मागच्या दोरीवर वाळत टाकले, आणि इतकी शांत झोपले की धैर्यशीलनं दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

तर, सव्वानऊला म्हशी आल्या.

त्या रांगेनं डावीकडे उतरल्या. पहिलीचे पाय गेले, पोट गेलं, मग पाठ गेली. मला वाटलं, आता हे ओळखणार. पण म्हैस पोहताना हातपाय मारत नाही हो. इतक्या संथपणे सरकते, जशी पाण्याखालून कुणी तिची पायवाट झाडून ठेवलीय. सात डोकी आणि चौदा शिंगं आरामात पलीकडे गेली. मागून हौसाबाई एकीच्या शेपटीला धरून. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्यासारखं नाटक मला आजही जमणार नाही.

"सापडला उतार," संग्राम म्हणाला. त्यानं काळा चष्मा कपाळावर चढवला. "बघ धैर्या, म्हशी चालत गेल्या की."

"पाठ बुडली होती रे त्यांची."

"म्हैस बसकी असते. जीप उंच आहे. सरळ गणित आहे, काय अक्का?"

"मी पंच," अक्का म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही काय म्हणता?" संग्रामनं मला डोळा मारल्यासारखं केलं. "काहीतरी बोला की. घसा साफ करा निदान."

मी इरूच्या टोपीची नाडी बांधली. पुन्हा सोडली. पुन्हा बांधली.

धैर्यशीलनं तयारी सुरू केली. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो वाचून त्यानं इंजिनाच्या पंख्याचा पट्टा सोडवला, म्हणजे पंखा पाणी उडवणार नाही. जाळीवर ताडपत्री बांधली. दोन्ही काचा खाली केल्या, बसायचे पट्टे मोकळे ठेवले, बाहेर पडायची वेळ आली तर अडकायला नको. मागच्या हुकाला दोर आधीच बांधून ठेवला. कागदावरचं अक्षर मला लांबूनही ओळखू आलं. इरूच्या श्वासांच्या वहीतलं पान होतं ते. रात्री मी पुस्तकातलं मोठ्यानं वाचायचे आणि टिपून ठेवायचे, तेव्हा हा फोनमध्ये डोकं घालून पडलेला असायचा. मला वाटायचं ऐकतच नाही.

मला वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं.

एकच गोष्ट त्यानं केली नाही. कागदावर सगळ्यात वर मी लिहिलं होतं, 'जिथून गाडी न्यायची तिथून आधी स्वतः चालून यायचं.' ती ओळ त्यानं वाचली, नदीकडे बघितलं, आणि कागद खिशात घातला.

"चालून बघायचं का एकदा?" तो संग्रामला म्हणाला.

"म्हशी चालून आल्यात ना आपल्या वतीनं," संग्राम म्हणाला.

धैर्यशील जीपमध्ये चढला. फक्त दोन मिनिटं, मी स्वतःला सांगत होते. दोन मिनिटं गप्प बस, पाणी बरगड्यांपर्यंत, मऊ वाळू, आणि उद्यापासून रविवारी घरी पोहे.

तेवढ्यात अक्का खुर्चीतून उठल्या.

"इरूला दे इकडं."

मला वाटलं माझे हात मोकळे करतायत. मी दिली. अक्का तिला कडेवर घेऊन जीपकडे गेल्या, पदर खोचला, आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या.

"अक्का?"

"पंचाला आत बसायला लागतं. काठावरून काय कळतंय?"

"पण इरू... कलमात आहे, जीप परत आल्यावर इरू बसेल."

"परत आल्यावर बसेल असं आहे. आधी बसणार नाही असं कुठं लिहिलंय?" अक्का म्हणाल्या. इरूनं डॅशबोर्डवर दोन्ही हातांनी थापट्या मारल्या. "धैर्या, चल. ऊन वाढतंय."

"चला," धैर्यशील म्हणाला, आणि त्याचा हात स्टेअरिंगखाली गेला.

"थांबा," मी म्हटलं.

एकदा तोंड उघडल्यावर थांबताच येईना. तिथं डोह आहे, म्हशी चालल्या नाहीत, पोहत गेल्या, पाणी इंजिनाच्या वर आहे, मला माहितीय कारण मी काल स्वतः छातीभर पाण्यात उभी होते, म्हशी मी बोलावल्यात, नऊला या म्हटलं होतं, सगळं मीच केलंय, आधी इरूला खाली द्या. बोलता बोलता मी चपलांसकट वाळू तुडवत जीपपर्यंत पोहोचले होते आणि दाराला दोन्ही हातांनी धरून उभी होते, जशी ती माझ्या धरण्यानं थांबणार होती.

अक्कांनी माझं सगळं ऐकून घेतलं. तोंडी परीक्षेला घेतात तसं.

"झालं?"

मी मान हलवली.

अक्कांनी पदराचं टोक पुढे घेतलं. त्याला गाठ होती. गाठ सोडली. आत जीपची किल्ली होती.

"ही सकाळपासून माझ्याकडं आहे," त्या म्हणाल्या. "गाडी चालू कशानं होणार होती, इरूच्या थापट्यांनी?"

धैर्यशीलनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं होतं. त्याचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं, दुखावला बिचारा. मग हसण्याचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला सकाळी सहाला कळलं," अक्का म्हणाल्या, "ह्याला सातला. हौसाबाई दूध कुणाकडं घालते, विचारलंस का तिला?"

मी नाही विचारलं. नदीची खोली तीन ठिकाणी मोजली, वेळ ठरवली, लाडू कबूल केले, आणि सात म्हशींचं दूध कुठं जातं हे विचारलं नाही.

"एम.एस्सी. ना गं तू?" अक्का म्हणाल्या.

"तू मला बुडवणार होतीस," धैर्यशील डोळे पुसत म्हणाला.

"फक्त बरगड्यांपर्यंत."

"मोजलं होतंस?"

"मग काय."

मी इरूला काढून घेतलं. राग नक्की कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. पलीकडच्या काठावर हौसाबाई म्हशी चरायला सोडून, हात कमरेवर ठेवून आमच्याकडे बघत उभी होती. दोन्हीकडून बोलणं करून मोकळी झालेली ती बाई मला लांबूनही समाधानी दिसली.

या सगळ्यात संग्रामचा मात्र कुणी विचार केला नव्हता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलेलं त्याला पटत नव्हतं.

"म्हशी पोहतात?" तो म्हणाला. "काय राव. मी डोळ्यांनी बघितलं, चालत गेल्या."

"संग्राम, तिनं मोजलंय," धैर्यशील म्हणाला.

"वहिनींना बादलीतसुद्धा डोह दिसतो. मागं माझ्या जीपची शिडी बघून म्हणाल्या, हिला कठडा लावा." तो त्याच्या लाल जीपमध्ये चढला. "बघा आता. तुमची पैज संपली असेल, माझी नाही."

"दोर तरी बांधा मागे," मी म्हटलं.

"बघ, आलं सरकार सत्तेवर," संग्राम म्हणाला आणि निघाला.

तो वेगात शिरला. दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उडाले, क्षणभर छान दिसलं. मग लाल जीपनं म्हशीसारखीच आधी चाकं, मग पोट, मग पाठ आत घातली. पुढचं म्हशीसारखं जमलं नाही. एक मोठा ढेकर आल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन गप्प झालं. खिडकीतून पाणी आत आलं. काळा चष्मा तेवढा तरंगत बाहेर गेला.

संग्रामचा हात किल्लीकडे गेलेला मला दिसला.

"किल्लीला हात लावू नका," मी ओरडले. आता मला कुणाची बंदी होती? "आत पाणी गेलंय, पुन्हा फिरवलंत तर इंजिन फुटेल. हात वर करा. दोन्ही."

संग्रामनं दोन्ही हात वर केले. मांडीवर पाणी, हात वर, असा तो बराच वेळ बसून होता, कारण मी खाली करा म्हणायला विसरले.

दोर त्यानं बांधला नव्हता, म्हणून तो बांधायला धैर्यशीलला पाण्यात उतरावं लागलं. पाणी त्याला बरगड्यांच्या बरोबर खाली लागलं. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं आणि बोटानं पाण्याची पातळी दाखवली. मी मान डोलावली. मग आमच्या जीपनं, सगळ्यात लहान गिअरमध्ये, इंचाइंचानं लाल जीप काठावर ओढून आणली. मला कबूल करायला जड गेलं, पण जुनी असली तरी ती हिसका न देता ओढत होती.

संग्राम बूट उलटे करून पाणी ओतत होता तेव्हा हौसाबाई म्हशींच्या मागून परत आली.

"म्हशी कशा गेल्या हो मग मावशी?" त्यानं विचारलं.

"पवून," हौसाबाई म्हणाली. "तुला पवाय येत न्हाई व्हय?"

अक्कांनी कागद काढला. "तिसरं कलम. ऋजुता बोलली. ऋजुता हरली. जीप राहिली." त्यांनी टिकमार्क केली. "पण पहिलं कलम अजून व्हायचंय. जीप पलीकडं गेलेली नाही."

"कशी जाणार?" धैर्यशील म्हणाला. "उतार कुठं आहे ते मला माहीत नाही. पंच सांगत नाही, म्हशी फसवतात." तो माझ्याकडे बघत होता. "ज्याला माहीत आहे तो सांगेल तर."

मला नाही म्हणता आलं असतं. मी हरले होते, वाट दाखवीन असं कुठल्याच कलमात नव्हतं. जांभळाकडे बघितलं. काल संध्याकाळी हौसाबाईनं फोकाटी फिरवली तेव्हा फक्त काठावरून बघितलं होतं मी ते. मला हवा होता तो डोह, उताराशी काय कर्तव्य होतं? तीनदा मोजला तो डोह. उतार एकदाही नाही.

इरूला अक्कांकडे दिलं. सलवार गुडघ्याच्या वर खोचली, काठी घेतली आणि जांभळाखालून पाण्यात उतरले.

पायाखाली गोटे लागले, मग बारीक खडी. पाणी पोटऱ्यांना, मग गुडघ्यांना. जुनी गाडीवाट खरंच तिरकी होती. सरळ गेलं की पाय आत जायचा, तिरकं वळलं की पुन्हा कठीण जमीन. मध्यावर डाव्या हाताला मोठे दगड होते, चार-पाच, पाण्याखाली झोपलेले. ते मी काठीनं एकेक ठोकून बघितले. पाणी पहिल्या लाल रेघेच्या जरा वर आलं आणि तिथंच राहिलं. पलीकडे पोहोचेपर्यंत मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. इरू कुठे आहे, रडतेय का, टोपी आहे का. वळले तेव्हा लक्षात आलं की गेली दहा मिनिटं मी काहीच मोजत नव्हते, फक्त पाणी सोडून.

परत आले. पुन्हा गेले, या वेळी मागे जीप घेऊन. मी पुढे काठी टेकत, धैर्यशील मागे माझ्या चालीनं. बोनेटच्या पुढे एक छोटी लाट तयार होऊन तशीच पुढे सरकत होती. पलीकडे गेलो. तशीच परत आलो. अक्कांनी टिकमार्क केली.

ती जीप आमच्याकडे पुढे अकरा वर्षं राहिली. रविवारचे पोहे कधी झालेच नाहीत. पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. त्या दिवशी फक्त अक्का इरूला घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या.

"जीप राहील आणि इरू तीत बसेल," त्यांनी वाचून दाखवलं. "घेऊन कोण बसतंय, तू का मी?"

मी बसले. इरूला पोटाशी धरलं, एका हातानं तिची टोपी, एका हातानं तिचं पोट. अक्का मागे चढल्या. धैर्यशीलनं जीप पाण्यात घातली, अगदी हळू, जशी सीटवर दुधाचं भांडं ठेवलंय. लाट पुन्हा बोनेटच्या पुढे आली. इरूनं ती बघितली. आधी तिनं श्वास धरला आणि माझाही थांबला. मग ती हसली. नेहमीचं गालातलं हसू नाही, पोटातून आलेलं, सगळं अंग हलवणारं. माझ्या तळव्याखाली तिचं पोट उडत होतं. लाट जरा बसली की हसू थांबायचं, लाट उठली की पुन्हा.

"अरे," मी म्हटलं, अक्का मागे बसल्यात हे विसरून, "जरा जोरात घे."

धैर्यशीलनं माझ्याकडे असं बघितलं, जणू जीपच बोलली.

"कोण म्हणतंय हे?"

"ऋजुता, पोर आहे मांडीवर," मागून अक्का म्हणाल्या.

"म्हणूनच तर."

"नको गं," धैर्यशील म्हणाला. त्यानं स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "पुढं दगड आहेत म्हणालीस ना मघाशी."

"कुठं आहेत ते मला पायांनी माहीत आहे. उजवीकडे घे. अजून थोडं. अजून." डावीकडचं पाणी दगडांवरून सुरकुतत मागे गेलं. समोर काठापर्यंत नुसती खडी होती.

"आता," मी म्हटलं.